प्रोस्टेटसाठी वाफेची प्रक्रिया: दिवाळी ते पावसाळा, माझा अनुभव

रात्री लघवीला उठणं कायमचं बंद व्हावं, एवढ्याचसाठी कोणी ही प्रक्रिया करायला निघालं असेल तर त्याने हे आधी वाचावं. माझी धार सुधारली, कॅप्सूल सुटली, प्रवासाची धास्ती गेली. रात्रीचं उठणं मात्र कमी झालं, संपलं नाही. त्याचं कारण पुढे लिहितो. ज्यांनी ज्यांनी मला सल्ले दिले, त्यांतल्या डॉक्टरांखेरीज एकानेही ते सांगितलं नव्हतं.

वय ६६, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मुक्काम नागपूरचं त्रिमूर्तीनगर. गेल्या दिवाळीनंतर धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात माझ्या वाढलेल्या प्रोस्टेटवर (मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या पुरुषांच्या ग्रंथीवर) वाफेची प्रक्रिया झाली. डॉक्टर लोक तिला ‘रेझूम’ म्हणतात. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. धंतोली-रामदासपेठेत बोर्ड मोजायला गेलं तर दिवस पुरत नाही, ज्याने त्याने आपला डॉक्टर शोधावा.

तक्रार नेमकी काय होती ते आधी सांगतो, कारण पुढचा सगळा निवाडा त्यावरच आहे. धार बारीक. सुरू व्हायला वेळ. मधेच थांबायची, पुन्हा सुरू. झाल्यावरही मोकळं वाटायचं नाही. आणि एकदा कळ आली की धरवत नसे. समृद्धीवरून शिर्डीला जायचं तर दोन तास आधीपासून पाणी बंद. लग्नाच्या हॉलमध्ये शिरलो की पहिल्यांदा बाथरूम कुठे ते बघायचं, मग नवरानवरी. रात्रीचं उठणं होतंच, पण खरं सांगायचं तर मला दिवसाचं जास्त खुपत होतं.

टॅमसुलोसिन आणि ड्युटास्टेराइड एकत्र असलेली कॅप्सूल काही वर्षं घेतली. पहिलं औषध प्रोस्टेटचे आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतं, फरक काही दिवसांतच जाणवतो. दुसरं गाठ, म्हणजे वाढलेलं प्रोस्टेट, आकसवतं, त्याला सहा महिने तरी द्यावे लागतात. दोन्हींनी काम केलं, नाही असं नाही. पण मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, पलंगावरून उठलो की डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकदा कूलरला धरून उभा राहिलो तेव्हा ही घाबरली. त्यात मोतीबिंदूसाठी दाखवायला गेलो तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी बसता बसताच विचारलं, “काका, प्रोस्टेटचं औषध चालू आहे का?” टॅमसुलोसिन घेणाऱ्यांच्या बुबुळाचा पडदा ऑपरेशनच्या वेळी सैल पडतो, बाहुली मधेच आकसते म्हणे, आणि औषध आधी बंद केलं तरी हा परिणाम राहू शकतो. ते सांभाळून करता येतं, फक्त सर्जनला आधी माहीत हवं. मोतीबिंदूच्या रांगेत बसलेल्या आमच्या वयाच्या किती पुरुषांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

तपासण्यांतली एक गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. माझा पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका तपासणारा रक्तातला आकडा, होता २.३. घरात सगळे खूश, चारच्या आत आहे ना! युरोलॉजिस्टनी रिपोर्ट बघितला आणि त्याच्यापुढे पेनाने ‘गुणिले २’ लिहिलं. ड्युटास्टेराइड सहा महिने किंवा जास्त घेतलं की पीएसए साधारण निम्म्यावर येतो, म्हणून खरा आकडा दुपटीने वाचायचा. म्हणजे ४.६. मग एमआरआय. त्यात संशयास्पद काही निघालं नाही, पण तो होईपर्यंत डॉक्टर वाफेचं नावही काढायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं मला पटलं. दुर्बिणीने प्रोस्टेट खरवडतात तेव्हा निघालेले तुकडे तपासायला जातात, कॅन्सर लपलेला असेल तर तिथे सापडू शकतो. वाफेत काहीच बाहेर काढत नाहीत, गाठ आतल्या आत जिरते, म्हणून तपासायला तुकडाच नसतो. शंका असेल ती आधीच फेडून घ्यायची.

दुसरी तपासणी युरोफ्लोची. मशीनला जोडलेल्या भांड्यात लघवी करायची आणि मशीन धारेचा आलेख काढतं. त्यासाठी मूत्राशय नीट भरलेलं हवं, निदान १५० मिली तरी बाहेर यायला हवी, नाहीतर आलेखाला अर्थ नाही. त्यामुळे तिथल्या कॉरिडॉरमध्ये आम्ही सगळे काका लोक बिसलेरीच्या बाटल्या घेऊन येरझारा घालत होतो, एकमेकांकडे न बघता. माझी सर्वांत जास्त धार निघाली सेकंदाला ८ मिली. १५ च्या वर असेल तर ठीक, १० च्या खाली असेल तर अडथळ्याची शक्यता जास्त. आलेख घंटेसारखा वर जाऊन खाली यायला हवा, माझा लांबलचक आणि सपाट. नोकरीत आयुष्यभर विसर्गाचे आलेख बघितले, त्यामुळे हा समजायला डॉक्टरांची गरज पडली नाही: जलाशय भरलेला, पण दार अर्धंच उघडतंय. सोनोग्राफीत गाठ ५२ ग्रॅम, प्रोस्टेटचा मधला लोब (भाग) मूत्राशयात थोडा वर आलेला, आणि लघवी झाल्यावरही आत १३० मिली शिल्लक. सात प्रश्नांच्या लक्षणपत्रकात ३५ पैकी २३ गुण. तिथे जितके गुण जास्त तितकी अवस्था वाईट, २० च्या पुढे म्हणजे तीव्र.

आता पर्याय. डॉक्टरांनी चार-पाच नावं सांगितली आणि घरी जाऊन विचार करा म्हणाले. टीयूआरपी, म्हणजे आपण ज्याला दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणतो ते, अनेक दशकांचं आहे आणि नवं काहीही आलं तरी आजही त्याच्याशीच ताडून बघतात. धार त्याने सर्वांत भरवशाने सुटते. लेसरचं होलेप न्यूझीलंडमध्ये १९९० च्या दशकात विकसित झालं. त्यात गाठ आतून सोलून काढतात, कितीही मोठी असली तरी चालते, पण करणाऱ्याचा हात बसलेला हवा. यूरोलिफ्टमध्ये बारीक टाक्यांनी प्रोस्टेटच्या बाजू ओढून धरतात. वीर्यावर परिणाम नाही, पण माझा मधला लोब आड येत होता आणि पाच वर्षांच्या अभ्यासात साधारण १३-१४ टक्के लोकांना पुन्हा काहीतरी करावं लागलं होतं. मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून प्रोस्टेटच्या रक्तवाहिन्या बंद करण्याचाही प्रकार आहे, तो युरोलॉजिस्ट नव्हे तर रेडिऑलॉजिस्ट करतात. आमच्या वयात त्या वाहिन्या वाकड्यातिकड्या नि कडक झालेल्या असतात, त्यामुळे फरक किती पडेल याचा अंदाज कमी.

मग डॉक्टरांनी मुलाला खाली फाइल आणायला पाठवलं आणि मला विचारलं, “काका, काकूंचं आणि तुमचं त्या बाबतीत काय आहे?” टीयूआरपी किंवा होलेपनंतर दहातल्या सहा-सात जणांचं किंवा जास्तच लोकांचं वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं. जिवाला त्याने धोका नाही, ताठरताही सहसा जात नाही, पण ते कायमचं असतं. आपल्याकडे साठीनंतरच्या माणसाला हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्याला उत्तर नसणारच, असं सगळे धरून चालतात. घरी येऊन हिला सांगितलं, तर म्हणाली, “अहो, त्यांनी विचारलं ते बरं झालं. तुम्ही कधी बोलले असते?” वाफेच्या बाजूने आमच्या घरी जे मत पडलं, त्यात या मुद्द्याचं वजन बरंच होतं. तुमच्या घरी नसेल तर हिशेब वेगळा निघेल, आणि तेही ठीकच.

वाफेची बाकीची बाजू अशी: पूर्ण भूल किंवा पाठीतलं इंजेक्शन बहुधा लागत नाही, मधला लोबही करता येतो, ३० ते ८० ग्रॅमपर्यंतच्या गाठींवर तिचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये परवानगी मिळाली. तिथल्या मूळ अभ्यासात पाच वर्षांत ४.४ टक्के लोकांना पुन्हा ऑपरेशन लागलं आणि ११ टक्क्यांच्या आसपास लोक पुन्हा औषधांवर गेले. लक्षणांचे गुण साधारण निम्म्यावर येतात. टीयूआरपीत यापेक्षा जास्त उतरतात, हे डॉक्टरांनी न विचारता सांगितलं, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

तत्त्व सोपं आहे आणि इंजिनिअरला आवडण्यासारखं आहे. मूत्रमार्गातून दुर्बीण घालतात, तिच्या टोकाची सुई गाठीत टोचतात आणि १०३ अंशांची वाफ नऊ सेकंद सोडतात. मग थोडं पुढे सरकून पुन्हा. वाफेचं पाणी होताना प्रत्येक ग्रॅममागे ५४० कॅलरी उष्णता सुटते, ती पेशी मारते. गाठीच्या बाहेरच्या आवरणापलीकडे वाफ सहसा जात नाही, त्यामुळे नसांना धक्का कमी. मेलेली पेशी शरीर हळूहळू जिरवतं, तीन महिन्यांपर्यंत. ‘हळूहळू’ या शब्दाकडे लक्ष ठेवा. प्रत्यक्ष ऑपरेशन थिएटरमधला भाग सांगण्यासारखा नाही. गुंगीचं इंजेक्शन, खाली बधिर केलेलं, एकदोनदा आत गरम कळ आली आणि संपलं. बाहेर बसलेल्या हिचा चहाही संपला नव्हता.

खरी कथा नंतरची. वाफेने आधी सूज येते, म्हणून नळी ठेवावीच लागते. माझी आठवडाभर होती. दिवसा पायाला बांधायची छोटी पिशवी, वरून ढगळ पायजमा. रात्री मोठी पिशवी, तिला पलंगाखाली बादलीत जागा. नळी दुखत नाही, पण मूत्राशयाला ती खपत नाही. पिशवीत लघवी चाललेली असतानाही आतून अशी जोराची कळ यायची की पलंगाची कड धरून बसावं लागे, आणि कधी नळीच्या बाजूने थेंब गळत. त्यावर गोळी मिळते. ती घरी निघतानाच मागून घ्या, रात्री दोन वाजता धंतोलीत शोधत फिरू नका. थंडीत केलं हे उत्तम झालं. मे महिन्यात ती पिशवी मांडीला चिकटलेली असती तर मी काय केलं असतं, कल्पना करवत नाही. कॉलनीत हिने ‘हर्निया’ सांगून टाकलं होतं, त्यावर भेटायला आलेल्यांनी हर्नियाचे डॉक्टर सुचवले.

नळी काढायच्या दिवशी दवाखान्यात बसवून ठेवतात, पाणी पाजतात आणि आपली आपण होते का ते बघतात. माझी झाली. शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांची झाली नाही, त्यांना आणखी काही दिवसांसाठी नळी घालून घरी पाठवलं. असं होऊ शकतं, अपयश नव्हे, पण त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावरून त्यांना हे कोणी आधी सांगितलेलं दिसत नव्हतं.

नंतरचे तीन-चार आठवडे आधीपेक्षा वाईट होते. जळजळ, अधूनमधून लालसर लघवी, मेलेल्या पेशींचे बारीक कण, आणि कळ तर पूर्वीपेक्षा घाईची. याच काळात लोक चिडतात आणि वाईट मत लिहून मोकळे होतात. तेलंगखेडीला फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळातला एकजण म्हणाला, “काहून भाऊ, पैसे वाफेतच गेले ना?” उत्तर द्यायची सोय नव्हती. चहा अर्धा केला, तर्री-पोहे बंद, सावजी तर दूरच. सर्वांत जास्त जिवावर आला तो संत्रा. अंबिया बहराचा माल बाजारात ओसंडून वाहत होता, काटोलहून मेहुण्याने पेटी पाठवलेली, आणि दोन फोडी खाल्ल्या की तासाभरात जळजळ. आंबट फळं मूत्राशयाला चेतवतात. पेटी शेजाऱ्यांनी संपवली.

फरक साधारण सहाव्या आठवड्यापासून कळू लागला, तोही एकदम नाही. एक दिवस लक्षात आलं की सुरू व्हायला वाट बघावी लागत नाही. संक्रांतीनंतर डॉक्टरांनी कॅप्सूल थांबवली आणि उठताना येणारी अंधारी काही आठवड्यांत गेली. मार्चमध्ये मृगाचा संत्रा आला तो पोटभर खाल्ला. पुण्याला मुलीकडे गाडीने गेलो, वाटेत जेवणाला थांबलो तेवढंच.

जूनमधल्या तपासणीचे आकडे: लक्षणांचे गुण २३ वरून ९, धार ८ वरून १४, शिल्लक लघवी १३० वरून ४०. आलेखाला आता घंटेचा आकार आहे, जरा बसकी घंटा. वीर्य येतं, थोडं कमी वाटतं, तक्रार नाही. आमच्याच मंडळातल्या एकाने होलेप केलं, त्याची गाठ १०० ग्रॅमच्या वर होती. त्याची धार माझ्यापेक्षा सरस आहे, तो मला रोज ऐकवतो. सुरुवातीचे काही आठवडे खोकला-शिंक आली की त्याची लघवी गळायची, आता नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही होलेपच केलं असतं. एवढ्या मोठ्या गाठीसाठी वाफ हा पर्याय नव्हताच.

आता रात्रीचं. तीन-चारदा उठणारा मी आता एक-दोनदा उठतो. एप्रिलमध्ये डॉक्टरांकडे कुरकुर केली तर त्यांनी वही लिहायला लावली: किती प्यायलो, किती वाजता, प्रत्येक वेळी लघवी किती, मापाच्या भांड्यात मोजून. ही सवय जुनीच, पावसाची नोंद ठेवायचो तशी ठेवली. निघालं असं की चोवीस तासांतल्या लघवीचा जवळजवळ निम्मा भाग माझी मूत्रपिंडं रात्रीच तयार करतात. आमच्या वयात एक तृतीयांशापेक्षा जास्त झालं की ते रात्रीचं जादा उत्पादन धरतात. दार दुरुस्त झालं, पण येवा, म्हणजे आत येणारं पाणी, तेवढाच राहिला. मग रात्री दारापर्यंत जावं लागणारच, फक्त आता तिथे ताटकळावं लागत नाही.

या येव्याची कारणं प्रोस्टेटच्या बाहेर असतात. संध्याकाळी पायांवर येणारी सूज आडवं झाल्यावर रक्तात परत येते आणि लघवी वाटे निघते. साखर जास्त असेल तर लघवी जास्त. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, यानेही रात्रीची लघवी वाढते. बीपीची काही औषधं पायांवर सूज आणतात. माझ्या बाबतीत पाय आणि रात्री नऊचा चहा, दोन्ही सापडले. आता दुपारी पाय उशीवर ठेवून पडतो आणि संध्याकाळी सातनंतर चहा नाही. बीपीची गोळी फिजिशियनने बदलून दिली. उठणं एकदावर आलेलं आहे, कधी दोनदा. माझं स्पष्ट मत असं की ही वही प्रक्रियेच्या आधी लिहून घ्यायला हवी. ती फुकट आहे, आणि कोणाकोणाला तिच्यानंतर प्रक्रियेची गरजच वाटणार नाही.

पैशांबद्दल. बिलातला मोठा भाग वाफ सोडणाऱ्या हत्याराचा असतो, ते एकदाच वापरून फेकायचं असतं. कॅशलेससाठी कागद गेले तर माझ्या विमा कंपनीच्या टीपीएने (दावे तपासणाऱ्या मध्यस्थ कंपनीने) विचारलं की ही प्रक्रिया कोणत्या यादीत बसते. विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये ज्या आधुनिक उपचारांना विम्यातून वगळता येणार नाही असं ठरवलं, त्या यादीत प्रोस्टेटचं ग्रीन आणि होल्मियम लेसर नावाने आहे, वाफेचं नाव नाही. बरीच पत्रापत्री झाली, सर्जनने का करायचं ते लिहून दिलं, शेवटी काही भाग मंजूर झाला आणि बाकी खिशातून. लेसर करणाऱ्या मित्राचं काम एका दिवसात झालं. आणखी एक: बऱ्याच पॉलिसींत प्रोस्टेट वाढीसाठी २४ महिन्यांची थांबण्याची मुदत असते. आरोग्य संजीवनी या सगळ्या कंपन्यांकडच्या सारख्या पॉलिसीतही आहे. नवीन पॉलिसी घेऊन लगेच निघणाऱ्यांनी ती ओळ आधी वाचावी. प्रक्रियेच्या आधी लेखी मंजुरी हातात घ्या, ‘होऊन जाईल’ या शब्दावर ऑपरेशन थिएटरमध्ये जाऊ नका.

लघवी पूर्ण तुंबून नळीवर आलेल्यांनी, गाठ फार मोठी असलेल्यांनी किंवा ज्यांना आठवड्याभरात निकाल हवा त्यांनी यात पडू नये असं मला वाटतं. आणि हिवाळ्यात सर्दीची गोळी घेताना, प्रक्रिया झालेली असो वा नसो, डॉक्टरांना विचारावं. नाक मोकळं करणारं औषध मूत्राशयाचं तोंड आवळतं, आमच्या मंडळातल्या एकाची लघवी तेवढ्यानेच रात्रीतून तुंबली होती. पुढे कधी गाठ पुन्हा वाढली तर टीयूआरपी आणि होलेपची वाट माझ्यासाठी बंद झालेली नाही, वाफेने त्यात अडचण येत नाही असं डॉक्टर म्हणाले. ड्युटास्टेराइड बंद असल्याने पीएसए आता दुप्पट न करता रिपोर्टवर असेल तसाच वाचायचा. जूनमध्ये तो १.९ आला, पुढच्या वर्षी पुन्हा करायचा आहे. डोळ्याचं ऑपरेशन गेल्या आठवड्यात झालं. सर्जनला टॅमसुलोसिनचं आधीच सांगितलेलं होतं, त्यांनी त्याप्रमाणे तयारी ठेवली होती.